दत्तकाची फाईल : जाड बाजू आणि पातळ बाजू

परदेशातल्या जोडप्याला भारतातले मूल दत्तक घ्यायचे असेल तर कागदांचा जो गठ्ठा जमवावा लागतो, त्याविषयी आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. एक असे की हा निव्वळ छळ आहे. मूल संस्थेत वाढत राहते आणि फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जात राहते. दुसरे असे की कागद आले म्हणून पोरांचा बाजार बसला, तेव्हा कागद जितके जास्त तितके मूल सुरक्षित. दोन्ही बाजू कागद मोजतात. ते कुणाविषयी आहेत आणि कुणाच्या हाती राहतात, हे विचारत नाहीत. दत्तकाच्या कागदपत्रांचा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास चाळला तर मला एक गोष्ट ठळक दिसते : फाईल जाड होत गेली ती घेणाऱ्याच्या बाजूने. देणाऱ्याचा, म्हणजे बहुतेक वेळा एका गरीब बाईचा, कागद दोन-चार पानांपलीकडे कधी गेला नाही, आणि मुलाचा स्वतःचा कागद त्याहून पातळ राहिला. फसवणूक झाली तीही याच पातळ बाजूने आत शिरून. मुंबईच्या हायकोर्टाच्या आवारात उभे राहून हे सहसा लक्षात येत नाही. शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण तालुक्यांकडून पाहिले की येते, कारण ज्या कागदावर बाकीची सगळी फाईल उभी राहायची, तो जन्माचा पहिला कागदच इथल्या वाड्या-पाड्यांवर अनेकदा नसतो.

दत्तक ही मराठी मुलखाला नवी गोष्ट नाही, आणि दत्तकाचे कागदही नवे नाहीत. मात्र तो दत्तक वारसाचा होता. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने मान्य केला नाही आणि १८४८ साली राज्य खालसा झाले. पुढे १८७५ मध्ये बडोद्याच्या जमनाबाईंनी नाशिक भागातल्या कवळाण्याचा गोपाळ दत्तक घेतला, तो सयाजीराव झाला. १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचा यशवंत कोल्हापूरच्या गादीवर आला, तो शाहू महाराज झाला. राजघराण्यांत जे मोठ्या थाटाने होई तेच वतनदार पाटलाच्या वाड्यात लहान प्रमाणावर होई : दत्तकपत्र, साक्षीदार, दत्तहोम, मूल मांडीवर घेणे. मुंबई इलाख्यातल्या महाराष्ट्रात विधवेला नवऱ्याची स्पष्ट परवानगी नसतानाही दत्तक घेता येत असे, आणि त्यामुळे भाऊबंदकीचे खटले किती झाले याला गणती नाही. अनंत भिकाप्पा पाटील विरुद्ध शंकर रामचंद्र पाटील हा वतनाचा वाद तर १९४३ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकालात काढला. या साऱ्या कज्जांत कोर्टासमोरचा प्रश्न एकच असे : घेणाऱ्याला घेण्याचा हक्क होता का आणि देणाऱ्याला देण्याचा. दत्तक गेलेल्या पोराला काय वाटले, त्याची आई कुठे गेली, हे कोणत्याही दप्तरात उतरले नाही. दत्तकपत्र हा मूळचा मालमत्तेचा कागद होता आणि त्याची ही सवय पुढेही गेली नाही.

याच काळात दुसरा एक प्रवाह वेगळ्याच जागी सुरू झाला होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी स्वतःच दत्तक घेतला, तो यशवंत. पंढरपुरात १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या मंडळींनी बालकाश्रम सुरू केला. तीर्थाच्या गावी येऊन गुपचूप बाळंत होणाऱ्या आणि मूल तिथेच सोडून जाणाऱ्या बायकांची संख्या मोठी होती, म्हणून. इथे वतन नव्हते, वारस नव्हता, भाऊबंद नव्हते. होते फक्त मूल, आणि त्याच्या आईचे नाव लपवणे हेच त्या संस्थेचे पुण्यकर्म. त्या काळात ते योग्यच होते. नाव फुटले असते तर बाई जिवाला मुकली असती. पण त्यातून एक रीत पडली की टाकलेल्या मुलाची नोंद संस्थेच्या वहीपासून सुरू होते, त्याच्या अलीकडचे काही नसते. परदेशी दत्तक पुढे आला तो या दुसऱ्या प्रवाहातून. त्याचे कागद मात्र पहिल्या प्रवाहाच्या मनोवृत्तीने लिहिले गेले.

कायद्याने परदेशी माणसाला भारतात दत्तक घेताच येत नव्हते. त्याला एकच वाट होती, १८९० चा पालक व पाल्य कायदा. हा कायदा मुख्यतः अज्ञान मुलांची आणि त्यांच्या मालमत्तेची व्यवस्था कुणी पाहायची यासाठी केलेला. परदेशी जोडपे जिल्हा न्यायालयात पालकत्वाचा अर्ज करी, न्यायाधीश हुकूम देई, मुलाचा पासपोर्ट निघे आणि खरे दत्तकविधान त्यांच्या देशातल्या कोर्टात होई. स्वातंत्र्यानंतर १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आला, पण तो हिंदूंपुरता. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी बाहेर राहिले हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात आणखी एक वाक्य आहे, ते शहापूर-मुरबाडच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे : केंद्र सरकारने तसे जाहीर केल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे टोकावडे किंवा डोळखांब परिसरातल्या एखाद्या गावात कुणबी घराने पुतण्या दत्तक घेतला तर तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदवावे, आणि नोंदलेले दत्तकपत्र न्यायालय खरे धरून चालते. त्याच गावाच्या ठाकूरवाडीत किंवा कातकरवाडीत हेच घडले तर त्या नोंदलेल्या कागदाला कायद्याचा तसा आधार नाही. जमातीत तशी रूढी आहे हे वेगळे सिद्ध करावे लागते. एकाच शिवारात दोन कायदे. सर्वांसाठी एक दत्तक कायदा व्हावा म्हणून १९७२ आणि १९८० मध्ये संसदेत विधेयके आली. मुस्लिम समाजातून विरोध झाला, १९८० च्या विधेयकावर मुंबईतल्या पारशी मंडळींनीही आक्षेप घेतला, आणि दोन्ही विधेयके बारगळली.

अशा वेळी १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. परदेशी नियतकालिकात आलेल्या मजकुराच्या आधारे त्यांनी तक्रार केली की दत्तकाच्या नावाखाली भारतीय मुले दलालांमार्फत बाहेर नेली जात आहेत आणि काहींचे हाल होत आहेत. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती भगवतींनी जो निकाल दिला, तोच आजच्या फाईलचा जन्मदाखला. संसदेने न केलेला कायदा एका निकालपत्राने केला. मुलासाठी आधी भारतातले घर शोधायचे, न मिळाल्यास परदेश. परदेशी अर्जदाराने थेट येऊन मूल उचलायचे नाही, त्याच्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत आणि इथल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच यायचे. आणि त्या संस्थेने त्याची होम स्टडी करून पाठवायची. निकालाला जोडलेली होम स्टडीची यादी वाचण्यासारखी आहे. नोकरी, उत्पन्न, तब्येत, घरातल्या खोल्या, शाळेची सोय हे आलेच. त्याखेरीज नवरा-बायकोचे सध्याचे संबंध कसे आहेत, दोघांचे एकमेकांच्या माहेर-सासरशी कसे जमते, आजी-आजोबांना हे दत्तक पसंत आहे का, वस्ती कशी आहे, शेजाऱ्यांशी कसे चालले आहे, हेही विचारले आहे. सोबत लग्नाचा दाखला, डॉक्टरचे प्रमाणपत्र, मालकाचे पत्र, आयकराचे आदेश, बँकेचा हवाला, मालमत्तेचा तपशील. दोन वर्षांत रीतसर दत्तक घेण्याची हमी. पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी आणि पुढली तीन वर्षे दर सहा महिन्यांनी मुलाच्या फोटोसह प्रगतीचा अहवाल. यातला प्रत्येक कागद तिथल्या नोटरीसमोर केलेला, आणि नोटरीची सही तिथल्या सरकारी अधिकाऱ्याने किंवा आपल्या वकिलातीने साक्षांकित केलेली.

न्यायमूर्तींनी आईचा विचार केला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मूल जन्मण्यापूर्वी किंवा जन्मल्यावर तीन महिन्यांच्या आत ते सोडून देण्याचा निर्णय आईकडून घेऊ नये, तिच्यावर दडपण आणू नये, परिणाम तिला समजावून सांगावेत, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. मुलाविषयीही अहवाल मागितला : आई-बापांची माहिती, गरोदरपण, बाळंतपण, प्रकृती, वाढ. पण या मागण्या प्रत्यक्षात आणायच्या कुणी? परदेशातली होम स्टडी पगारी समाजसेविका करते, ती घरी जाते, दोन-तीनदा जाते, सहीनिशी जबाबदारी घेते. इथला मुलाचा अहवाल त्याच संस्थेने लिहायचा जिच्याकडे मूल आहे, आणि आईची सहीही तिनेच घ्यायची. छाननीसाठी इंडियन कौन्सिल ऑफ सोशल वेल्फेअरसारख्या त्रयस्थ संस्था नेमल्या गेल्या, त्यांनी चांगले कामही केले. तरी त्यांच्यासमोर येई तो कागद, बाई नव्हे. कोर्टात कामकाज बंद दाराआड चाले. मुलाचे आयुष्य ज्या एका सहीने वळले ती सही किंवा अंगठा कुणाचा, कुठल्या भाषेत समजावून घेतलेला, हे तपासायला तालुक्याच्या गावी कुणी जात नव्हते.

त्यानंतरची चाळीस वर्षे पटकन सांगता येतील, कारण दिशा बदलली नाही. १९९० मध्ये कारा ही केंद्रीय यंत्रणा स्थापन झाली. आंतरदेशीय दत्तकाविषयीचा १९९३ चा हेग करार भारताने २००३ मध्ये स्वीकारला. २००५ पासून अपोस्टिल, म्हणजे परदेशी कागद खरा असल्याचा एकच मान्य शिक्का, आला आणि वकिलातीच्या शिक्क्यांची रांग थोडी कमी झाली. बाल न्याय कायद्याने २००० पासून धर्म न पाहता दत्तक शक्य केले. २०१५ च्या ऑगस्टपासून सगळे अर्ज संगणकावर गेले. आज न्यू जर्सीतल्या मराठी जोडप्याला अमेरिकन सरकारची पात्रतेची मंजुरी, होम स्टडी, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासण्या, काराचे ना हरकत प्रमाणपत्र, दत्तकाचा आदेश, पासपोर्ट आणि हेग कराराप्रमाणे सर्व रीतसर झाल्याचे प्रमाणपत्र एवढ्या पायऱ्या चढाव्या लागतात. हेग कराराबाहेरच्या देशात राहणाऱ्या भारतीयासाठी होम स्टडीची व्यवस्था आपली वकिलात पाहते. शहापुरातल्या बहिणीचा मुलगा परदेशातल्या मामाने घ्यायचा असला तरी २०२१ पासून केवळ दत्तकपत्र पुरत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची पडताळणी आणि काराची हरकत नसल्याचे पत्र लागते. आणि एवढी फाईल कितीजणांसाठी? काराच्या आकड्यांप्रमाणे २०२४-२५ मध्ये देशभरात ४,५१५ दत्तकविधाने झाली, त्यांतली ४,१५५ देशातल्या देशात. उरलेली ३६० परदेशी.

जाड बाजूतही मुलाचा कागद कसा हरवतो याचे एक उदाहरण मुंबईचे आहे. १९८९ मध्ये इथून अमेरिकेत दत्तक पाठवलेल्या एका मुलीच्या नागरिकत्वाचा अर्ज तिच्या कोणत्याच पालकाने कधी पुरा केला नाही. पालकांची मिळकत, तब्येत, चारित्र्य सगळे तपासले गेले होते. अमेरिकेने २००० मध्ये कायदा करून दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व दिले, पण फक्त तेव्हा अठराच्या आत असलेल्यांना. ही त्या वयापुढे गेलेली. एका गुन्ह्यात शिक्षा झाल्यावर २००८ मध्ये तिला भारतात परत पाठवले गेले. नवरा, मुले तिकडे, आणि इथली भाषा तिला येत नव्हती. तिच्या फाईलमध्ये घेणाऱ्यांच्या पात्रतेचे पुरावे भरपूर असणार. तिचा स्वतःचा एक कागद राहून गेला होता.

आता पातळ बाजूकडे यावे. शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या बाईला मूल सोडायचे झाले तर आजच्या कायद्याने तिने ठाणे जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर समर्पणपत्र करायचे, विचार बदलायला तिला दोन महिने मिळतात. टाकून दिलेले मूल सापडले तर पोलीस, दवाखाना, समिती, वर्तमानपत्रात फोटोसह जाहिरात; दोन वर्षांच्या आतल्या मुलासाठी दोन महिन्यांत आणि मोठ्यासाठी चार महिन्यांत चौकशी संपवून ते दत्तकासाठी मुक्त जाहीर करायचे. नियम वाईट नाहीत. अडचण त्यांच्या अलीकडे आहे. या भागातली अनेक कातकरी आणि ठाकूर कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. बाळंतपण भट्टीवर झाले तर जन्माची नोंद कायद्याप्रमाणे भट्टी ज्या ग्रामपंचायतीत तिथे व्हायला हवी, आईच्या गावी नव्हे. तिथला ग्रामसेवक यांना ओळखत नाही, मालकाला हिशेबापलीकडे रस नाही, आणि गावी परतेपर्यंत मुदत उलटलेली असते. वर्ष गेले की नोंदीसाठी आदेश आणावा लागतो. २०२३ च्या दुरुस्तीपूर्वी तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा होता, आता प्रशासनातल्या दंडाधिकाऱ्याचा. अशा मुलाचे काही बरेवाईट झाले, आई मेली, बाप परागंदा झाला, तर ते संस्थेत पोचते ते कोऱ्या पाटीने. वय डॉक्टर दात पाहून ठरवतो, नाव संस्था ठेवते, आणि दत्तक आदेशानंतर निघणाऱ्या जन्मदाखल्यावर आई-बाप म्हणून नव्या पालकांची नावे येतात. त्यामागे कोणताही जुना कागद नसेल तर पुढे शोधायला काही उरत नाही.

गमतीची गोष्ट अशी की जुन्या नोंदीचे मोल या तालुक्यांना इतर कुणाहून जास्त ठाऊक आहे. गावचा जन्म-मृत्यूचा नमुना नंबर १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्याची नक्कल मिळावी म्हणून तहसीलच्या अभिलेख कक्षात ठाकूर समाजाच्या पिढ्यांनी खेटे घातले आहेत. जात पडताळणीत १९५० च्या आधीची एक ओळ सापडली तर नोकरी वाचते, नाही तर जाते; त्याचे वाद सर्वोच्च न्यायालयात २०२३ पर्यंत चालले. त्या बुकातली नोंद पाहिली तर बापाचे नाव असते, जात असते, मुलगा की मुलगी एवढे असते. मुलाचे नाव बहुधा नसते. सरकारला ज्याचे काम पडे त्याचीच नोंद सरकार करी, आणि तान्ह्या पोराचे काम कुणालाच नव्हते.

पातळ बाजूनेच फसवणूक शिरते, या माझ्या म्हणण्याला पुरावे आहेत. शेजारच्या, तेव्हाच्या अविभाजित आंध्रात नव्वदच्या दशकाच्या अखेरीला लंबाडा तांड्यांवरून मुली विकत घेऊन समर्पणपत्रे तयार केल्याचे उघडकीला आले; गरिबीच्या कारणावरून मूल सोडून देण्यावरच सरकारने २००१ मध्ये बंदी घातली. तिथे परदेशी पालकांची होम स्टडी खोटी नव्हती. खोटे होते ते आईचे पान. पुण्यातल्या प्रीत मंदिर या दत्तक संस्थेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने चौकशी केली, तेव्हाही आरोप होते ते पालकांकडून घेतलेल्या पैशांचे आणि जन्मदात्यांवर आणलेल्या दडपणाचे. स्वित्झर्लंडच्या झुरिख आणि थुरगाऊ या प्रांतांनी भारतातून १९७३ ते २००२ या काळात आलेल्या दत्तक मुलांच्या फायली इतिहासकारांकडून तपासून घेतल्या. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचे शीर्षकच ‘आई अज्ञात’ या अर्थाचे आहे. स्विस जोडप्यांविषयी पाने भरली होती. जन्मदात्यांच्या संमतीचे कागद त्या तपासलेल्या फायलींत सापडले नाहीत. ज्या देशात घड्याळाच्या काट्यावर सगळे चालते म्हणतात, त्या देशातल्या अधिकाऱ्यांना ही उणीव तेव्हा खटकली नाही, कारण त्यांचे लक्षही घेणाऱ्याच्या पात्रतेवर होते.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. मूल दर महिन्याला मोठे होते, वर्षाचे मूल घ्यायला दहा घरे तयार असतात आणि सहा वर्षांच्या मुलाला एक मिळत नाही. त्यात आणखी कागद कशाला? आक्षेप खरा आहे, पण उशीर कुठे होतो ते पाहावे. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचे आदेश न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे नेले ते वेळ वाचावा म्हणून. ती २०२२ च्या सप्टेंबरात लागू झाली, आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला अंतरिम आदेश देऊन न्यायालयातली प्रकरणे तिथेच चालू ठेवावी लागली. म्हणजे घोळ झाला तो आदेश कुणी द्यायचा यावरून. जन्माची नोंद वेळेवर होणे, समितीच्या माणसाने आईच्या वाडीवर एकदा जाऊन येणे, तिचे म्हणणे तिच्याच बोलीत लिहून घेणे, यांना दोन महिने पुष्कळ झाले, आणि ते दोन महिने कायद्याने आधीच दिलेले आहेत. मला तर वाटते की घेणाऱ्याच्या बाजूचे चार कागद कमी करून देणाऱ्याच्या बाजूचा एक वाढवला तर फाईल हलकी होईल आणि खरीही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. कुमारी माता, टाकलेली बाई, बलात्कारातून राहिलेला गर्भ. तिची ओळख कागदावर आली तर तिचे आयुष्य उद्ध्वस्त होईल. लहान गावात ग्रामपंचायतीची वही म्हणजे चावडीवरची बातमी. पंढरपूरच्या आश्रमाने नाव लपवले ते याच भीतीने, आणि ती भीती आजही संपलेली नाही. पण गुप्त ठेवणे वेगळे आणि नोंदच न ठेवणे वेगळे. ग्रामपंचायतीच्या उघड्या वहीत बापाचे नाव असलेच पाहिजे असे नाही. अविवाहित आईला केवळ तिच्या प्रतिज्ञापत्रावर मुलाचा जन्मदाखला द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले आहे. तिची बाकीची हकीकत बाल कल्याण समितीच्या बंद पाकिटात राहावी. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर आपले मूळ शोधायचा अर्ज करू शकते, आणि तेव्हा आईची संमती विचारून मगच काय सांगायचे ते ठरवता येते. नोंदच नसेल तर संमती विचारायची कुणाला? बाईने कधीतरी आपल्या मुलाची खबर विचारली तर तिलाही उत्तर मिळत नाही.

तिसरा आक्षेप आदिवासींच्या बाजूने घेतला जातो आणि तो सहानुभूतीचा असतो : त्यांच्यात पोरका पोर चुलत्याकडे, मामाकडे, आजीकडे आपोआप वाढतो, त्यांना आपल्या कागदांच्या नादी कशाला लावायचे? वाडीच्या आत हे बरोबरच आहे, आणि दत्तकाच्या कुठल्याही कायद्याहून ती रीत जुनी आहे. पण पोर वाडीबाहेर पडले की शाळेचा दाखला, जातीचा दाखला, आधार, बँक यांच्याशी गाठ पडते, आणि चुलत्याने वाढवलेल्या मुलाला बापाची जात सिद्ध करायला बापाचे कागद मागतात. रूढीला कायद्याबाहेर ठेवून १९५६ च्या कायद्याने तिचा मान राखला की तिला वाऱ्यावर सोडले, याचे उत्तर मला दुसरे वाटते. कागद नसल्याने रीत टिकत नाही. ती फक्त सरकारला दिसेनाशी होते, आणि सरकारला न दिसणारे मूल दलालाला मात्र नेमके दिसते.

हे सुधारणे अशक्य आहे असे कुणी म्हणू नये. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायच्या म्हणून न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा तहसील कचेऱ्यांतले कोतवाल बुकांचे गठ्ठे धूळ झटकून उघडले गेले, मोडी वाचणारे आणले गेले, पानांचे स्कॅनिंग झाले. आरक्षणाच्या प्रश्नाने जे करून घेतले ते तान्ह्या मुलांसाठी करायला फार थोडे लागेल. शहापुरात आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, उपजिल्हा रुग्णालय आहे. मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. आशा कार्यकर्ती प्रत्येक गरोदर बाईचे नाव आधीच लिहून ठेवते. भट्टीचा हंगाम सुरू असताना भट्टीवर जाऊन जन्म नोंदवणे हे पंचायत समितीने ठरवले तर होणारे काम आहे. परदेशातल्या दूतावासाचा त्यात काही संबंध नाही आणि काराचाही नाही. ते दाखले असतील तर बहुतेक मुलांना कधी दत्तक जावेच लागणार नाही, कारण आजीला आणि मामाला आपले नाते दाखवता येईल. आणि जे जातील त्यांच्या फाईलचे पहिले पान भरलेले असेल. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर ग्रामपंचायतीत शुल्क लागत नाही, आणि नोंदीचा पहिला उतारा कायद्याने फुकट द्यावा लागतो.